तुझा बॅज कुठंय?

अँजिओप्लास्टी झालेला पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो. त्याच खोलीत रोज उभे राहणारे डॉक्टर, नर्स आणि टेक्निशियन मात्र क्ष-किरणांचा थोडा थोडा डोस वर्षानुवर्षं अंगावर घेत असतात. त्यातून कॅन्सर होतो का? किती जणांना? आणि तुम्ही उद्या त्या खोलीत कामाला लागलात तर काय कराल?

घरात कुणाचीच अँजिओग्राफी झालेली नाही, असं कुटुंब आता शोधावं लागेल. काका, मामा, आजोबा, नाहीतर शेजारचे कुणीतरी. तुम्हीही कधीतरी कॅथलॅबबाहेरच्या बाकावर हातात पाण्याची बाटली आणि फाइल घेऊन बसला असाल. मधूनच दार उघडतं. जाडजूड ॲप्रन घातलेलं कुणीतरी बाहेर येतं, पेशंटचं नाव पुकारतं, सही घेतं आणि परत आत जातं.

तुमचं सगळं लक्ष आतल्या पेशंटकडे असतं, ते साहजिकच आहे. पण एकदा त्या ॲप्रनवाल्या माणसाकडेही बघा. तुमच्या काकांची ही आयुष्यातली पहिली अँजिओप्लास्टी असेल. त्याची मात्र आजची ती पाचवी केस असू शकते. उद्याही केसेस आहेत, परवाही आहेत. काकांना जे रेडिएशन मिळालं, त्याच्या बदल्यात त्यांची बंद पडत चाललेली रक्तवाहिनी उघडली. त्या नर्सला किंवा टेक्निशियनला मिळालेल्या रेडिएशनच्या बदल्यात तब्येतीचा काहीच फायदा नसतो. असतो तो फक्त पगार.

तुमच्यापैकी कितीतरी जण नर्सिंगला आहेत, रेडिओग्राफी किंवा कार्डिओलॉजी टेक्निशियनच्या कोर्सला आहेत, एमबीबीएसला आहेत. म्हणजे दोन-चार वर्षांत या दाराच्या आतल्या बाजूला तुम्हीच असाल. त्यामुळे आत काय होतं, ते आधीच समजून घेतलेलं बरं.

किरण येतात कुठून?

कॅथलॅबमधल्या टेबलाभोवती इंग्रजी 'सी' अक्षरासारखा वाकलेला एक मोठा यांत्रिक हात असतो. त्याला सी-आर्म म्हणतात. बहुतेक वेळा त्याचं एक्स-रे सोडणारं टोक टेबलाखाली असतं आणि चित्र टिपणारं टोक पेशंटच्या छातीवर. डॉक्टर मनगटातल्या किंवा जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. ती नळी कुठे पोचली हे बघायला पायाखालचं पेडल दाबायचं, की समोरच्या पडद्यावर हलता एक्स-रे दिसू लागतो. पेडलवरून पाय काढला की किरण बंद. ट्यूबलाइटचं बटण बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच. कॅथलॅबच्या भिंतींत किंवा पेशंटच्या अंगात रेडिएशन 'साठून राहतं' ही निव्वळ अफवा आहे.

मग स्टाफला किरण लागतात कसे? अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर टॉर्च मारून बघा. झोत भिंतीवरच असतो, पण अख्खी खोली थोडी थोडी उजळते. इथे भिंतीच्या जागी पेशंटचं शरीर असतं. टेबलाखालून आलेले किरण त्याच्या अंगावर आदळून चहूबाजूंना विखुरतात आणि जवळ उभ्या असलेल्यांना लागतात. पेशंट जाड असेल, तर यंत्राला जास्त किरण सोडावे लागतात आणि विखुरणारे किरणही वाढतात.

अजून एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. डॉक्टर सहसा पेशंटच्या उजव्या हाताला उभे राहतात. म्हणजे पेशंटची छाती आणि यंत्र त्यांच्या डाव्या बाजूला येतं. वर्षानुवर्षं शरीराच्या डाव्या बाजूला किरण जास्त लागतात, उजवीला कमी.

किंमत आधीपासूनच मोजली जातेय

विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि सगळं जग या खेळण्यानं वेडं झालं. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचा सहायक रोज स्वतःचा हात किरणांसमोर धरून यंत्राची चाचणी घ्यायचा. आधी हात भाजले, मग कॅन्सर झाला, दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये तो गेला. एडिसननं एक्स-रेचं काम सोडून दिलं.

हृदयाच्या उपचारांची सुरुवातसुद्धा एक्स-रेच्या खोलीतच झाली. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान हा जर्मनीतला पंचविशीतला डॉक्टर, म्हणजे तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्यानं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयाकडे सरकवली आणि तशीच ती नळी घेऊन चालत एक्स-रे विभागात गेला, पुरावा म्हणून फोटो काढायला. तेव्हा त्याला वेड्यात काढलं. १९५६ मध्ये नोबेल मिळालं. पुढे १९७७ मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागं असलेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा फुगवून पहिली अँजिओप्लास्टी केली. छाती न फाडता हृदय दुरुस्त होऊ लागलं. तेव्हापासून केसेस वाढतच गेल्या आणि त्या करणाऱ्यांचे पेडलवरचे तासही.

मिलिसिव्हर्टचं गणित

अंगाला लागलेलं रेडिएशन मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांनाच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतं. ही जगाची सरासरी झाली. छातीचा एक साधा एक्स-रे म्हणजे याचा अगदी छोटा तुकडा, ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी.

रेडिएशनच्या जागी काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडे मर्यादा ठरवते अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजेच एईआरबी. त्याचं ऑफिस मुंबईतच अणुशक्तीनगरला आहे. पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जायचं नाही आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही, असा नियम आहे.

भरपूर केसेस करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला वर्षाला साधारण ५ मिलिसिव्हर्ट मिळू शकतं. नव्या यंत्रावर काळजीपूर्वक काम करणाऱ्याला त्याहून बरंच कमी. म्हणजे मर्यादेच्या आतच की! मग चिंता कसली?

आता वीस वर्षांचा गुणाकार करा. ५ गुणिले २०, झाले १०० मिलिसिव्हर्ट. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं २००६ च्या अहवालात याच आकड्याचा अंदाज मांडला होता. १०० माणसं घेतली, तर त्यातल्या साधारण ४२ जणांना आयुष्यात कधी ना कधी इतर कारणांनी कॅन्सर होतो, हा तिकडचा हिशेब. त्या १०० जणांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट जादा मिळालं, तर आणखी एकाला होईल.

शंभरात एक. यावरून 'कॅथलॅबमध्ये गेलो की संपलो' असं म्हणता येत नाही. 'काही होत नाही रे' असंही म्हणता येत नाही. एखाद्या कॉलेजच्या बॅचमध्ये शंभर जण असतील, तर तो एक कोण, हे आधी कुणालाच कळत नाही. आणि कमी डोस घेतला तर हा आकडा शंभरात एकाच्याही खाली आणता येतो. सगळी धडपड त्यासाठीच आहे.

डाव्या बाजूच्या गाठी

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या डाव्या बाजूकडे वळू. इस्रायलमधले हृदयरोगतज्ज्ञ एरियल रोगीन आणि सहकाऱ्यांनी हे काम करणाऱ्या डॉक्टरांमधल्या डोक्याच्या आणि मानेच्या गाठींची माहिती जमवायला सुरुवात केली. २०१३ मध्ये त्यांनी ३१ डॉक्टरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या २६ जणांची गाठ कुठल्या बाजूला होती ते माहीत होतं. २६ पैकी २२ जणांची गाठ डावीकडे होती.

वाचताना अंगावर काटा येतो. जगभरच्या कॅथलॅबमध्येही तेच झालं. पण थांबा, इथेच तुमचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर कामाला येतो. एकूण किती डॉक्टरांमधून हे ३१ निवडले गेले? माहीत नाही. डावीकडे गाठ असलेल्यांचीच माहिती जास्त पुढे आली का? तसंही असू शकतं. शंका घ्यायला हा पुरावा पुरेसा होता, शिक्कामोर्तब करायला नव्हता.

मग मोठे अभ्यास बघू. अमेरिकेत ९० हजारांहून अधिक रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्टचा पाठपुरावा झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे एक्स-रे बघत केलेले उपचार ज्यांनी कधीतरी केले होते, त्यांच्यात मेंदूच्या कॅन्सरनं मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त दिसलं. स्तनाचा कॅन्सर आणि मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सरही थोडा जास्त दिसला. पण याच मोठ्या गटावरच्या पुढच्या अभ्यासात, मेंदूला मिळालेला डोस वाढला तसा मेंदूच्या कॅन्सरचा धोका वाढला, असं काही दिसलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच ४५ हजारांहून अधिक डॉक्टरांची तुलना मानसोपचारतज्ज्ञांशी केली. तिथेही अशा उपचारांत असण्याची शक्यता असलेल्या डॉक्टरांमध्ये कॅन्सरचे मृत्यू जास्त आढळले नाहीत.

गोंधळ उडाला ना? शास्त्रज्ञांमध्येही वाद आहे. पक्कं एवढंच आहे: क्ष-किरणांनी माणसाला कॅन्सर होऊ शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं त्यांना पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच रांगेत, टाकलंय. रांग एक असली तरी धोका तंबाखूइतका मोठा असतो असं नाही. ती रांग फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगते. कॅथलॅबमधल्या थोड्या थोड्या डोसानं नेमका किती धोका वाढतो, हे मोजणं मात्र अवघड आहे. कारण तो लहान आहे, दिसायला वीस-तीस वर्षं लागतात आणि मध्ये सिगारेट, वय, घराणं असं बरंच काही येतं. धोका मोजायला अवघड असला म्हणजे तो नसतोच, असं नाही.

आधी डोळे आणि पाठ

कॅन्सरची चर्चा होते, पण त्याआधी त्रास देतात डोळे. डोळ्यातलं भिंग रेडिएशनच्या बाबतीत नाजूक असतं. मलेशियात झालेल्या एका अभ्यासात ५६ हृदयरोगतज्ज्ञांचे डोळे तपासले. त्यातल्या २९ जणांच्या भिंगाच्या मागच्या भागात बदल दिसले. अशा कामाशी संबंध नसलेल्या २२ जणांमध्ये असे दोघेच होते. आणि तपासलेल्या ११ नर्सपैकी ५ जणींमध्येही ते बदल सापडले. सगळ्यांचीच नजर कमी झाली होती असं नाही, पण मोतीबिंदूकडे जाणारी वाट ही अशीच असते. याच सुमारास, २०११ मध्ये, आंतरराष्ट्रीय आयोगानं डोळ्यासाठीची शिफारस वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून थेट २० वर आणली.

आणि पाठ! लेड ॲप्रन पाच-सात किलोचा असतो. आठवडाभर पाठीला अडकवलेली सॅक काढायचीच नाही, असं समजा. इटलीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॅथलॅबमधल्या ४६६ जणांची तुलना रेडिएशनशी संबंध नसलेल्या २८० जणांशी केली. त्यात डॉक्टर होते तसेच नर्स आणि टेक्निशियनही होते. कॅथलॅबवाल्यांमध्ये पाठ-कंबरेची दुखणी, मोतीबिंदू, त्वचेचे विकार जास्त निघाले. गंमत बघा, कॅन्सरपासून वाचवणारा ॲप्रनच कंबर मोडतो. म्हणून तो काढून ठेवायचा मोह होतो.

ड्रॉवरमधला बॅज

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. रेडिएशनला वास नाही, रंग नाही, अंगाला चटका लागत नाही. तुम्हाला आज किती मिळालं हे सांगणारी एकच वस्तू तुमच्याकडे असते, ती म्हणजे टीएलडी बॅज. आयकार्डएवढा प्लॅस्टिकचा चौकोन. त्याच्या आत छोट्या चकत्या असतात. त्यांच्यावर पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या धरून ठेवतात. साधारण तीन महिन्यांनी बॅज लॅबमध्ये जातो. तिथे चकत्या तापवल्या की त्या मंद प्रकाश देतात. जितका प्रकाश जास्त, तितका डोस जास्त. तो आकडा तुमच्या नावावर नोंदला जातो आणि पुढच्या नोकरीतही त्याची नोंद तुमच्यासोबत राहते.

आणि हाच बॅज जगभर ड्रॉवरमध्ये सापडतो. कधी आळस, कधी घाई, कधी 'आकडा जास्त आला तर कॅथलॅबमधून काढतील' ही भीती. कधी तो ॲप्रनवरच लटकत राहतो आणि ॲप्रन भर कॅथलॅबमध्ये टांगलेला असतो. मग तुम्ही घरी झोपलेले असताना तो रात्रीच्या इमर्जन्सी केसचं रेडिएशन तुमच्या नावावर मोजतो. ड्रॉवरमधला बॅज रिपोर्टमध्ये 'शून्य' दाखवतो. तो शून्य बघून हॉस्पिटल समजतं सगळं आलबेल आहे, नवं शील्ड घ्यायची गरज नाही. पंधरा वर्षांनी तुम्हाला काही झालं, तर तुमच्याच हातचा कागद म्हणणार की तुम्हाला रेडिएशन लागलंच नव्हतं.

आपल्याकडे हा बॅज ॲप्रनच्या आत, छातीपाशी लावतात. म्हणजे तो ॲप्रनमागच्या शरीराचा डोस सांगतो, उघड्या डोक्याचा आणि डोळ्यांचा नाही. आतल्या बॅजचा आकडा छान आला, तरी चष्मा आणि शील्ड लागतंच.

वेळ, अंतर, आडोसा

बारावीच्या फिजिक्समधला वर्गव्यस्ताचा नियम आठवतोय? किरणांच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की तीव्रता एक चतुर्थांश होते. पेशंटपासून विखुरणाऱ्या किरणांनाही ढोबळमानाने हेच लागू पडतं. परीक्षेनंतर आपण जे विसरतो, ते इथे फुकटचं औषध आहे. चित्रफीत रेकॉर्ड होताना डोस नेहमीच्या बघण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. नेमक्या त्या काही सेकंदांत टेबलाजवळ काम नसेल, तर दोन पावलं मागे सरका.

वेळेचं काम डॉक्टरांच्या पायात असतं. पडद्याकडे बघत नसताना पेडलवर पाय ठेवायचा नाही. सेकंदाला १५ चित्रांऐवजी ७.५ चित्रांवर काम भागत असेल, तर तसं करायचं. चित्र टिपणारं टोक पेशंटच्या छातीजवळ आणायचं. हवा तेवढाच भाग दिसेल अशी चौकट लहान करायची. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत, आणि डोस पेशंटचाही कमी होतो.

आडोसा म्हणजे ॲप्रन, गळ्याभोवती थायरॉइड कॉलर, शिशाच्या काचांचा चष्मा, टेबलाला लटकवलेला शिशाचा पडदा आणि छतावरून खाली येणारी पारदर्शक ढाल. ही ढाल बऱ्याचदा मध्ये येते म्हणून कोपऱ्यात ढकललेली दिसते. ती जागेवर असली, तरी डॉक्टरांसाठी लावलेली असते. शेजारी उभी असलेली नर्स तिच्या आडोशाबाहेर राहू शकते. म्हणून केस सुरू होण्याआधीच ती कुठे हवी हे बोलून घ्यायचं. शिशाच्या टोप्याही मिळतात, पण किरण खालून वर येत असल्यानं मेंदूला त्यांचा फायदा कमीच होतो. आणि ॲप्रन घडी करून खुर्चीवर टाकू नका. आतल्या शिशाला भेगा पडतात, त्या बाहेरून दिसत नाहीत.

'मुलींनी नको' म्हणणाऱ्यांसाठी

मुलींना अजूनही सांगितलं जातं, 'कॅथलॅब नको, पुढे मूलबाळ व्हायला अडचण येईल.' ठरवलेल्या मर्यादेत काम केलं तर तसं घडावं, असं काही नाही. नियम काय म्हणतो? गरोदर असल्याचं कळवल्यावर, उरलेल्या महिन्यांत पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये. काम कुठलं, कुठे उभं राहायचं, हे त्याप्रमाणे बदलून द्यायचं असतं. त्यासाठी लवकर कळवणं मात्र तुमच्या हातात आहे. आणि ॲप्रन स्वतःच्या मापाचा मागा. पुरुषांच्या मापाचा ढगळ ॲप्रन काखेपाशी उघडा राहतो आणि स्तनाचा भाग तिथेच असतो.

पहिल्या दिवशी विचारा

इंटर्नशिप किंवा पहिली नोकरी सुरू होईल तेव्हा हे पाच प्रश्न खिशात ठेवा.

१. माझ्या नावाचा टीएलडी बॅज कधी मिळेल? तोपर्यंत मी आत उभं राहायचं का?
२. मागच्या तिमाहीचा रिपोर्ट मला बघायला मिळेल का?
३. माझ्या मापाचा ॲप्रन आणि कॉलर आहे का? त्याच्या भेगा शेवटच्या कधी तपासल्या?
४. इथले रेडिएशन सुरक्षा अधिकारी कोण? त्यांना कुठे भेटायचं?
५. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी कुणी मोठ्यानं सांगतं का?

हे विचारताना जीभ अडखळेल, कारण समोर सीनियर असतील, सर असतील, आणि पेशंट टेबलावर असेल. म्हणून केस चालू असताना नाही, आधी विचारा. बहुतेक चांगल्या टीममध्ये उत्तर मिळतं. नाही मिळालं, तर सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव तुमच्याकडे असलं पाहिजे. चौथा प्रश्न त्याचसाठी आहे.

आणि एखाद्या दिवशी तुमचा मित्र किंवा मैत्रीण घाईघाईत ॲप्रन चढवून आत निघाली, तर दारातच थांबवा. फार काही बोलायची गरज नाही. एवढंच विचारा, 'तुझा बॅज कुठंय?'